पुरुषाचा मेंदू, बाईचा मेंदू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी अनेक वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. आता शाळा, बचतगट आणि मच्छीमार सोसायट्यांत जाऊन बोलते. बोलणं संपलं की चिठ्ठ्या येतात, रात्री व्हॉट्सॲपवर प्रश्न येतात, आणि त्यांतले निम्मे दर वेळी तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागते तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पुरुषाचा मेंदू बाईच्या मेंदूपेक्षा मोठा असतो, हे खरं का?

खरं आहे. सरासरी घेतली तर पुरुषाच्या मेंदूचं आकारमान सुमारे दहा-अकरा टक्क्यांनी जास्त भरतं. पुरुषाचं शरीर मोठं असतं हे त्याचं एक मोठं कारण. पण सारख्या उंचीचे बाई-पुरुष घेतले तरी थोडा फरक उरतो, तो मी लपवणार नाही.

या जास्तीच्या आकाराने काय साधतं? बुद्धिमापन चाचण्यांत बाई-पुरुषांची सरासरी सारखीच येते. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ५,२१६ लोकांच्या मेंदूंची छायाचित्रं तपासली गेली. सरासरीत फरक दिसले, पण दोन्ही गट एकमेकांत चांगलेच मिसळलेले होते. उंचीचं तसंच असतं. पुरुष सरासरीने उंच, तरी आपल्या वाडीत चार पुरुषांहून उंच असलेली एखादी बाई सापडतेच.

वजनावरून अक्कल ठरवण्याचा हा खेळ जुना आहे. १८८७ साली जॉर्ज रोमानेस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बाईचा मेंदू पाच औंसांनी हलका असतो म्हणून ती बुद्धीने मागे, असं लिहिलं होतं. कवट्या मोजून माणसांची प्रत लावणाऱ्या त्या परंपरेच्याच घरात जाऊन पुढे आपल्याकडच्या एका बाईने तिला उत्तर दिलं. दापोलीजवळच्या मुरुडच्या महर्षी कर्व्यांची सून इरावती बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व मानणारे होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष मार्गदर्शकांसमोर ठेवला. विषय वंशाचा होता, बाई-पुरुषांचा नव्हता. पण माप काय सांगतं आणि आपण त्याच्याकडून काय वदवून घेतो, यातलं अंतर त्यांनी दाखवलं.

२. मग मेंदू बघून तो बाईचा की पुरुषाचा हे ओळखता येतं का?

नुसत्या डोळ्यांनी नाही. संगणकाला बरंचसं येतं. २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने मेंदूच्या हालचालींची चित्रं संगणकाला शिकवली आणि त्याने नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखलं.

त्याआधी २०१५ मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या डॅफ्ना जोएल यांनी चौदाशेहून अधिक मेंदू तपासून वेगळीच गोष्ट सांगितली होती. जे भाग सरासरीने बायकांत मोठे आणि जे पुरुषांत मोठे, त्या सगळ्यांत एकाच टोकाला असलेला मेंदू फार क्वचित सापडतो. बहुतेक मेंदूंत दोन्हींची सरमिसळ असते.

लोक विचारतात, यातलं खरं कुठलं? दोन्ही. चेहरा बघून बाई की पुरुष हे आपण क्षणात ओळखतो. कारण भुवया, हनुवटी, गाल असे अनेक छोटे फरक नजर एकत्र बांधते. पण त्या चेहऱ्यावरून डोळ्यांचा नंबर सांगता येत नाही. मेंदूचंही तसंच आहे. कोणाचा आहे हे ओळखता आलं म्हणून तो काय करू शकेल हे कळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नात याच दोन गोष्टींची गल्लत झालेली असते.

३. फरक पडायला सुरुवात कधी होते?

गर्भात. सुरुवातीचे काही आठवडे दोन्ही गर्भांची जननग्रंथी सारखीच असते. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचं जनुक आहे, त्याचा शोध १९९० मध्ये लागला. साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात ते कामाला लागतं, त्या ग्रंथीचं वृषण होतं आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) स्रवू लागतं. ते रक्तातून मेंदूपर्यंतही पोचतं.

गर्भातल्या संप्रेरकांचा वागण्यावर कायमचा ठसा उमटतो, हे १९५९ मध्ये गिनीपिगवर दाखवलं गेलं. उंदरांत तर टेस्टोस्टेरॉन मेंदूत शिरल्यावर त्याचं इस्ट्रोजेन होतं आणि ते नराचा मेंदू घडवतं. ज्याला आपण ‘बायकी संप्रेरक’ म्हणतो तेच! माणसात मात्र टेस्टोस्टेरॉनचा थेट परिणाम जास्त महत्त्वाचा दिसतो. त्यामुळे उंदरावरून माणसाकडे उडी मारताना जपून.

४. निसर्गानेच नर आणि मादी ठरवून दिलेत, मग त्यावर चर्चा कशाला?

हा प्रश्न मला बंदरावर विचारला जातो आणि उत्तर तिथेच टोपलीत पडलेलं असतं. अलिबागपासून खाली सगळ्यांचा जीव की प्राण असलेला जिताडा मासा सुरुवातीला नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाला की, मादी होतो. हेकरूच्या कुळात बहुधा उलटं घडतं, आधी मादी आणि मग नर. काचेच्या टाकीत ठेवतात त्या नारिंगी-पांढऱ्या क्लाउनफिशमध्ये नराची मादी होताना आधी मेंदू बदलतो आणि प्रजननग्रंथी महिन्यांनी मागून येते.

वेळासला कासवं बघायला गेला असाल. २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडलेची घरटी राखली जातात. या कासवाचं नर-मादी होणं गुणसूत्रावर ठरत नाही, वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर जास्त. किनारा तापत चालला आहे, त्यामुळे ही माझ्या काळजीची गोष्ट आहे.

आता दुसरी बाजू. काही प्राण्यांत नर-मादीच्या मेंदूतला फरक इतका ठळक असतो की सूक्ष्मदर्शकाखाली लगेच दिसतो. १९७६ मध्ये कॅनरी आणि झेब्रा फिंच या पक्ष्यांत गाण्याची केंद्रं नरात मादीपेक्षा कित्येक पट मोठी सापडली, कारण गातो मुख्यतः नर. माणसाच्या मेंदूत इतका टोकाचा फरक कुठेही नाही. आकाराची वजाबाकी केली की उरलेल्या फरकांपैकी फार थोडा वाटा, एक टक्क्याच्या आसपास, स्त्री-पुरुष असण्याने समजावता येतो, असं २०२१ मधल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं.

धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर दिवसभर फळं आणून फटीतून भरवतो. हे बघून कोणी म्हणेल, बघा, बाईने घरात बसावं. कोणी म्हणेल, बघा, बापाने भरवावं. पक्षी यांपैकी काहीच सांगत नसतो.

५. आमचो झील गाडीच मागता, चेडू बावली मागता. आमी तर शिकवूक नाय. मगे ह्यां खयसून इलां?

थोडं आतून, थोडं बाहेरून. आतून म्हणायला आधार आहे. माकडांपुढे खेळणी ठेवली तेव्हा नर चाकांच्या आणि चेंडूसारख्या खेळण्यांकडे जास्त वळले. काही मुलींना गर्भात असताना मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या एका दोषामुळे नेहमीपेक्षा जास्त पुरुषी संप्रेरकं मिळतात. अशा मुली बहिणींपेक्षा गाड्या आणि दांडगाईचे खेळ जास्त पसंत करतात. मुलग्यांतली कुस्ती-ढकलाढकली जगभर जास्त दिसते.

बाहेरून म्हणजे आपणच. बाळंतविडा येतो तेव्हाच रंग ठरलेला असतो. पोराने भातुकली मांडली की काका हसतात, पोरगी माडावर चढू लागली की आजी ओरडते. मूल दोन-अडीच वर्षांचं होईतो स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणून ओळखू लागतं आणि मग आपल्यासारख्यांचं बघून वागतं. दोन्ही खेळणी हाताशी ठेवा. दोन्ही खेळांतून मेंदू वेगवेगळं शिकतो.

६. दहावीला दर वर्षी मुलीच पुढे. मुलगे जन्मतःच कमी पडतात का?

मार्च २०२४ च्या दहावीत कोकण विभाग ९९.०१ टक्क्यांसह राज्यात पहिला आला. राज्यात मुलींचं उत्तीर्णतेचं प्रमाण ९७.२१ आणि मुलांचं ९४.५६ टक्के होतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या आपल्या दोन जिल्ह्यांत तर जवळपास सगळेच पास होतात. इतका छोटा फरक मेंदूच्या घडणीचा पुरावा म्हणून वापरता येत नाही.

मेंदू पिकण्याची गती मात्र वेगळी आहे. एका अमेरिकी अभ्यासात मेंदूचं आकारमान मुलींत साधारण साडेदहाव्या वर्षी आणि मुलग्यांत साडेचौदाव्या वर्षी सर्वाधिक दिसलं. आवर घालणारा, पुढचा विचार करणारा पुढचा भाग दोघांतही विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. वाचन-लेखनात मुली सरासरीने पुढे असतात, आणि मागे पडणाऱ्या मुलग्यांकडे आपण ‘मुलगाच आहे’ म्हणून दुर्लक्ष करतो. तिसरी-चौथीत वाचन अडखळत असेल तर तेव्हाच तपासून घ्या.

‘मुलींचा मेंदू गणिताचा नसतो’ हे वाक्य मी एका शाळेच्या पालकसभेत व्यासपीठावरून ऐकलं आहे, समोर सातवी-आठवीच्या मुली बसलेल्या असताना. मला अजून त्यांचे चेहरे आठवतात. अमेरिकेत सत्तर लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे गणिताचे गुण २००८ मध्ये तपासले गेले. सरासरीत फरक निघाला नाही.

७. बायकांना दिशा कळत नाहीत, म्हणून तांडेल (होडीचा प्रमुख) पुरुषच असतो ना?

याचं उत्तर लांबेल, कारण इथे खरोखर फरक सापडतो.

एखादी वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहायची चाचणी असते. तीत पुरुष सरासरीने पुढे असतात, आणि बुद्धीच्या चाचण्यांतला हा सर्वांत मोठ्या फरकांपैकी एक आहे. ढोबळमानाने सांगायचं तर सरासरी पुरुष दहांतल्या सात बायकांच्या पुढे असतो. म्हणजेच दहांतल्या तीन बायका त्या सरासरी पुरुषाच्याही पुढे असतात. हे दुसरं वाक्य कोणी सांगत नाही.

आता मेघालय-आसामकडे चला. तिथे खासी आणि कार्बी हे शेजारी समाज आहेत. खासींत मालमत्ता धाकट्या मुलीकडे जाते, कार्बींत मुलांकडे. २०११ मध्ये दोन्हींतल्या सुमारे तेराशे लोकांना चार तुकड्यांचं एक कोडं जुळवायला दिलं. कार्बी पुरुषांनी बायकांपेक्षा बराच कमी वेळ घेतला. खासींत बाई-पुरुषांत फरकच नव्हता. शेजारचा मुलूख, तसंच राहणीमान, आणि बाईचं घरातलं स्थान वेगळं.

मग समुद्राची गोष्ट. होडी हाकत वाट शोधायचा एक मोबाइल गेम शास्त्रज्ञांनी तयार करवून घेतला आणि जगभरातले पंचवीस लाखांहून अधिक लोक तो खेळले. पुरुष सरासरीने सरस ठरले, पण ज्या देशांत स्त्री-पुरुषांची स्थिती जास्त समान होती तिथे हे अंतर कमी होतं.

पुस्तकांत लिहिलेलं असतं की पुरुष दिशा आणि अंतर धरून वाट काढतात, बायका खुणा धरून. आपल्या जुन्या तांडेलांना विचारा. जीपीएस येण्याआधी ते डोंगराचं टोक, देवळाचा कळस आणि दीपगृह एका रेषेत घेऊन मासळीची जागा धरायचे. ही तर खुणांचीच पद्धत झाली! आणि तीत मुरलेले सगळे पुरुष. वडील ज्याला दहाव्या वर्षापासून होडीत बसवतात त्याला समुद्र कळतो. लंडनच्या टॅक्सीचालकांनी शहरातले हजारो रस्ते पाठ केल्यावर त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा वाढलेला दिसला. मेंदू कामाने बदलतो.

८. बायका जास्त बोलतात, हे तरी खरं?

दिवसाला वीस हजार शब्द बाईचे आणि सात हजार पुरुषाचे, हा आकडा व्हॉट्सॲपवर फिरतो. त्याला आधार नाही. २००७ मध्ये ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर ध्वनिमुद्रक लावून मोजलं तेव्हा दोघांचेही शब्द सोळा हजारांच्या आसपास भरले.

९. बाई एकाच वेळी दहा कामं करते, तिचा मेंदूच तसा असतो म्हणतात.

२०१९ मध्ये जर्मनीत ४८ बायका आणि ४८ पुरुषांना एकाच वेळी दोन कामं दिली. दोघांचाही वेग आणि अचूकता सारखीच घसरली. हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावात उभी असलेली बाई पाटीचा भाव, बर्फाचा खर्च, टेम्पोची वेळ आणि घरी एकट्या राहिलेल्या पोराचा ताप हे सगळं एकदम डोक्यात ठेवते. ते तिला उपजत मिळालेलं नाही. तिच्यावर पडलेलं आहे, आणि त्याने ती थकते. ‘तुझा मेंदूच तसा’ म्हणून आपण कामाची वाटणी टाळतो. याचा मला राग येतो.

१०. पुरुषांचा राग टेस्टोस्टेरॉनमुळे असतो का?

शारीरिक हिंसा पुरुषांत जास्त आहे, यात वाद नाही. जगभरात खून करणाऱ्यांत पुरुषांचं प्रमाण सुमारे ९५ टक्के आहे. पण हाणामारी सर्वांत जास्त दोन ते चार वर्षांची मुलं करतात, तेव्हा टेस्टोस्टेरॉन अगदी कमी असतं. पौगंडावस्थेत ते कित्येक पट वाढतं, तरी बहुतेक मुलग्यांची हाणामारी वयाबरोबर कमीच होत जाते. शिवाय संप्रेरक आणि वागणं यांचा संबंध दुहेरी आहे. सामना जिंकला की टेस्टोस्टेरॉन वाढतं, तान्ह्याला सांभाळलं की कमी होतं (प्रश्न १२ पाहा). घरात हात उगारणारा माणूस साहेबासमोर किंवा पोलिसासमोर तो उगारत नाही. त्याचा आवर शाबूत असतो.

११. पाळीच्या दिवसांत परीक्षा आली तर मुलीच्या डोक्यावर परिणाम होतो का?

पोटात दुखतं, झोप मोडते, काहींना डोकं दुखतं. त्याने कोणाचंही लक्ष उडेल. पण स्मरण, लक्ष, विचार या क्षमता पाळीच्या चक्राबरोबर घसरतात का, हे तपासणाऱ्या शंभराहून अधिक अभ्यासांचा आढावा २०२५ मध्ये निघाला. ठाम फरक सापडला नाही. मुलीला दुखण्यावरचं औषध डॉक्टरांना विचारून द्या, कोपऱ्यात बसवू नका. दर महिन्याला शाळा बुडण्याइतकं दुखत असेल तर तपासणी हवीच.

१२. बाळंतपणानंतर मी फार विसरते. मेंदू खराब झाला का?

नाही. पहिल्या गरोदरपणात मेंदूच्या काही भागांतलं करडं द्रव्य कमी होतं आणि ते निदान दोन वर्षं तसं राहतं, हे स्पेनमधल्या अभ्यासात दिसलं. कमी झालं म्हणजे बिघडलं असं नाही. हे भाग दुसऱ्याचं मन ओळखण्याचे आहेत, आणि ज्या आयांत हा बदल जास्त त्यांची बाळाशी ओढ जास्त दिसली. विसरण्याचं मोठं कारण अपुरी झोप. सतत रडू येत असेल, बाळाकडे बघवत नसेल तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना लगेच सांगा.

बापही बदलतो. फिलिपाइन्समध्ये ६२४ तरुणांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. बाप झाल्यावर त्यांचं टेस्टोस्टेरॉन उतरलं, आणि जे रोज तीन तास किंवा जास्त मुलाला सांभाळत त्यांचं अधिक उतरलेलं होतं. मुंबईहून फक्त गणपती-शिमग्याला येणाऱ्या चाकरमानी बापाला मूल ओळखत नाही म्हणून वाईट वाटतं. त्याला मी सांगते, बापाचा मेंदू बाळाच्या सहवासात तयार होतो. रजा साठवून बाळंतपणानंतर या.

१३. मेंदूचे आजार कोणाला जास्त होतात?

इथे स्त्री-पुरुष फरक समजून घेणं खरंच उपयोगाचं आहे. अर्धशिशी बायकांत सुमारे तिप्पट, नैराश्य वयात आल्यानंतर सुमारे दुप्पट. अल्झायमरच्या रुग्णांत दोनतृतीयांश बायका, अंशतः त्या जास्त जगतात म्हणून. पार्किन्सन पुरुषांत दीडपट. स्वमग्नता (ऑटिझम) मुलग्यांत तीन-चारपट नोंदली जाते, पण मुलींतली लक्षणं झाकली जातात आणि निदान राहून जातं. शांत, एकटी, हुशार मुलगी ‘लाजाळू’ म्हणून सोडून देऊ नका.

२०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत दर शंभरांत सत्तरहून अधिक पुरुष होते. नैराश्याचं निदान बायकांत जास्त आणि जीव जातात पुरुषांचे. पुरुष बोलत नाहीत, दारूत बुडतात, डॉक्टरांपर्यंत पोचतच नाहीत. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

१४. बाई उजव्या मेंदूची, पुरुष डाव्या मेंदूचा, आणि बाईच्या दोन अर्धांना जोडणारा पूल जाड. खरं?

‘उजव्या मेंदूचा माणूस’ असा प्रकारच नसतो. पुलाची गोष्ट १९८२ मधल्या एका शोधनिबंधातून पसरली. त्यात मेंदू होते फक्त चौदा. १९९७ मध्ये ४९ अभ्यास एकत्र पाहिल्यावर तो फरक टिकला नाही.

१५. एक्सवाय गुणसूत्रं असूनही बाई असू शकते का?

हो. काहींच्या पेशी टेस्टोस्टेरॉनला दादच देत नाहीत. वृषण पोटात असतात, संप्रेरक स्रवतं, पण शरीर बाईचं घडतं. बहुतेक जणी स्वतःला बाईच मानतात. पाळी आली नाही म्हणून तपासणी होते तेव्हा हे कळतं. सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नसेल तर देवाला कौल लावण्याआधी डॉक्टर गाठा, आणि निदान काहीही असो, ते गावभर करू नका. उलट दिशेचं उदाहरण प्रश्न ५ मध्ये आलं आहे.

१६. तृतीयपंथी व्यक्तीचा मेंदू तपासून ‘खरं-खोटं’ करता येतं का?

नाही. काही अभ्यासांत सरासरी फरक दिसले आहेत, पण एका माणसाचं चित्र काढून त्याची ओळख सांगणारी तपासणी अस्तित्वात नाही (कारण प्रश्न २ मध्ये आहे). सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. असा स्कॅन करून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

१७. दशावतारात पुरुष इतकी हुबेहूब बाई कशी होतात?

सरावाने. चालताना पावलं जवळ घ्यायची, पदर सावरायचा, नजर आधी खाली आणि मग वर. मोठे कलाकार हे वर्षानुवर्षं घोटतात आणि समोर बसलेल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. ज्या हालचालींना आपण ‘बाईचा स्वभाव’ म्हणतो त्यांतल्या कितीतरी शिकलेल्या असतात. मुली त्या घरात शिकतात, हा कलाकार रंगमंचावर.

१८. मुलीला मर्चंट नेव्हीत जायचंय. तिच्या मेंदूला ते झेपेल का?

वाट काढण्याबद्दल प्रश्न ७ वाचा, गणिताबद्दल ६. याखेरीज एक गोष्ट खरोखर तपासावी लागते, ती डोळ्यांची. डेकवरच्या कामाला रंगदृष्टी शाबूत लागते. रात्री समोरच्या जहाजाच्या डाव्या बाजूचा लाल आणि उजव्या बाजूचा हिरवा दिवा ओळखूनच ते कुठल्या बाजूला चाललंय हे कळतं. लाल-हिरव्या रंगांधळेपणाची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलग्याकडे ते एकच असतं, म्हणून हा दोष पुरुषांत बायकांपेक्षा कित्येक पटींनी जास्त आढळतो. वर्षाची फी भरून झाल्यावर वैद्यकीय तपासणीत बाद झालेले मुलगे मी पाहिले आहेत. मुलगा असो की मुलगी, फॉर्म भरण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडून रंगदृष्टी तपासून घ्या. ठिपक्यांतले आकडे वाचायचे असतात, दहा मिनिटांत होतं.